मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक

जगातल्या खतरनाक रस्त्यांचे व्हिडिओ बघून अंगावर काटा येतो ना? मग या वीकेण्डला भंडारदऱ्याला निघण्याआधी एका राजूरकर मुलीचं थोडं ऐका!

दर पावसाळ्यात आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. पहिली, ‘जगातले दहा सर्वांत डेंजर रस्ते’ नावाचा व्हिडिओ. आणि दुसरी, त्याच्याखाली कुणीतरी टाकलेला मेसेज : ‘चलो भंडारदरा! शनिवारी पहाटे निघू. कोण कोण येतंय?’

व्हिडिओ बघून सगळ्यांचे डोळे पांढरे होतात. मेसेज वाचून सगळ्यांचे अंगठे वर! या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. माझ्या मनात मात्र येतं, कारण मी राजूरची आहे.

राजूर कुठलं, हे आधी सांगून टाकते. जालन्याजवळचं गणपतीचं राजूर वेगळं. आमचं राजूर अकोले तालुक्यातलं. (अकोला नव्हे हो, अकोले! हे वाक्य आम्ही आयुष्यात किमान हजार वेळा बोलतो.) जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे आधीचं अहमदनगर. भंडारदरा, रतनवाडी, सांदण दरी, कळसूबाई, हरिश्चंद्रगड ही तुमच्या वीकेण्डच्या यादीतली सगळी नावं आमच्या आजूबाजूची. तुम्ही पेढे घ्यायला जिथे थांबता ना, तेच आमचं गाव. नोकरीसाठी मी पुण्यात असते, पण महिन्यातून एकदा तरी घरी चक्कर असते. त्यामुळे हा रस्ता मी गाडीच्या काचेतूनही बघितलाय आणि घराच्या ओट्यावरूनही.

बोलिव्हियाचा बाप रस्ता

त्या व्हिडिओत पहिला नंबर बहुतेक ठरलेला असतो. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशातला युंगास रोड, उर्फ ‘डेथ रोड’. ला पाझ शहराजवळच्या ४,६०० मीटरहून उंच खिंडीतून निघून हा रस्ता कोरोइको गावाच्या बाजूला सुमारे १,२०० मीटरपर्यंत खाली उतरतो. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी हा उतार शिल्लक उरतो! काही ठिकाणी रुंदी जेमतेम तीन मीटर. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, वरून धबधबे आणि ढग. १९३०च्या दशकात चाको युद्धात पकडलेल्या पॅराग्वेच्या कैद्यांच्या हातून या रस्त्याचं काम करून घेतलं गेलं. १९८३च्या जुलैमध्ये इथे एक बस दरीत गेली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. १९९५ साली इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेनं याला जगातला सर्वांत धोकादायक रस्ता म्हटलं आणि तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

पण या रस्त्याची मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. बोलिव्हियात गाड्या उजव्या बाजूनं चालतात. या एका रस्त्यावर मात्र डाव्या बाजूनं. का? तर तिथे ड्रायव्हर गाडीत डावीकडे बसतो. उतरणारी गाडी डावीकडून, म्हणजे दरीच्या बाजूनं चालली, की ड्रायव्हरला खिडकीतून मान काढून आपलं बाहेरचं चाक कड्यापासून किती बोटं लांब आहे ते दिसतं. चढणाऱ्या गाडीला पहिला मान, उतरणाऱ्यानं थांबायचं. रस्ता रुंद करणं शक्य नव्हतं तेव्हा माणसांनी निदान नियम तरी शहाणा केला. २००६ साली नवा रस्ता झाला आणि बहुतेक वाहतूक तिकडे गेली. आता जुन्या रस्त्यावर सायकलवाले टुरिस्ट थ्रिल अनुभवायला जातात.

यादीत पुढे चीनचा गुओलियांगचा बोगदा असतो. कड्यावरच्या एका गावातल्या मोजक्या गावकऱ्यांनी १९७२ साली छिन्नी-हातोडा घेऊन डोंगर फोडायला सुरुवात केली आणि १९७७मध्ये रस्ता खुला झाला. आपल्याकडची झोजी ला असते. साडेतीन हजार मीटरहून उंच, बर्फाची आणि दरडींची खिंड, जिच्याखालून बोगदा काढायचं काम सुरू आहे. या रस्त्यांत एक गोष्ट सारखी आहे, बघा. यातला एकही रस्ता थ्रिलसाठी बांधलेला नाही. कुणाला बाजार गाठायचा होता, कुणाला दवाखाना, कुणाला सैन्याची रसद पोहोचवायची होती. थ्रिल नंतर आलं, तेही बाहेरून आलेल्यांसाठी.

आता जरा आकडे. ‘डेथ रोड’वर त्याच्या सर्वांत वाईट काळात वर्षाला २०० ते ३०० माणसं मरत, असा अंदाज दिला जातो. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. हा केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा आहे. दिवसाला साधारण ४६०, तासाला १९. मध्यरात्री बारापासून मोजायला लागलात तर दुपारच्या चहापर्यंत ‘डेथ रोड’चं अख्खं वर्ष संपतं. हां, आता कुणी म्हणेल, तो साठेक किलोमीटरचा एक रस्ता आणि आपले ६० लाख किलोमीटरहून जास्त, तुलना कशी करता? बरोबर आहे, किलोमीटरमागे बघितलं तर बोलिव्हियाच भारी पडेल. पण त्या रस्त्यावर तुम्ही आयुष्यात कधी गाडी चालवणार आहात? तुम्ही चालवणार आहात ती इथेच.

राजूरहून फुटणाऱ्या वाटा

आमच्या गावावरून जाणारा मुख्य रस्ता म्हणजे कोल्हार-घोटी राज्यमार्ग. संगमनेरहून अकोले, तिथून विठा घाट, मग राजूर, पुढे रंधा धबधबा, शेंडी म्हणजे भंडारदरा, मग कळसूबाईच्या पायथ्याचं बारी आणि शेवटी घोटी. पुणेकर संगमनेरच्या बाजूनं येतात, मुंबईकर आणि नाशिककर घोटीच्या. समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाल्यापासून (५ जून २०२५) मुंबईची मंडळी इगतपुरीला उतरून आणखी लवकर पोहोचायला लागलीत.

या मुख्य रस्त्याला फाटे फुटतात ती खरी डोंगरातली वाट. शेंडीवरून धरणाच्या पाण्याभोवती मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असं रिंगण. दुसरीकडे शिरपुंजे, आंबित करत हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनई. हे रस्ते अरुंद. समोरून एसटी आली की एकाला कडेला दबून उभं राहावंच लागतं. घाटघरला तर ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात, इतका पाऊस. जुलैमध्ये ढग रस्त्यावर येऊन बसतात. दहा पावलांवरचं दिसत नाही. आणि आमची डांगी गुरं! भर पावसात चरायला बनलेली ही काळी-पांढरी जात. रात्री ती डांबरावर ठाण मांडून बसतात, कारण आजूबाजूला सगळा चिखल आणि रस्ता तेवढा कोरडा, उबदार. हॉर्न वाजवा, लाइट मारा, ती तुमच्याकडे अशा नजरेनं बघतात की जणू टोल तेच घेणार आहेत.

आता खरं सांगू? विठा घाट जगाच्या कुठल्याही यादीत येणार नाही. पाच-दहा मिनिटांत संपतो. पण आमच्या भागातल्या बाळंतिणीला, साप चावलेल्या पोराला आणि अपघातातल्या जखमीला संगमनेरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर हाच घाट उतरावा लागतो. तो बंद पडला, की आमचा तालुका मधोमध तुटतो. म्हणून आमच्याकडे घाटाला कुणी ‘डेंजर’ म्हणत नाही. ‘आज घाट कसाय?’ असं विचारतात, जसं घरातल्या आजारी माणसाबद्दल विचारावं.

मामांची शिकवणी

माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं गाडी चालवली, त्यातली बरीचशी डोंगरातल्या मुक्कामी गाडीवर. मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या मंडळींना सांगावं लागतं. संध्याकाळी शेवटच्या गावाला जायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपणार आणि पहाटे दूधवाले, शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया यांना घेऊन परत. मी गाडी शिकले ती मामांकडे. मोटर ट्रेनिंग स्कूलनं मला क्लच शिकवला, घाट मामांनी शिकवला.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, “मामा, घाटात सगळ्यात डेंजर काय असतं?”

“डेंजर?” मामा हसले. “आगं, घाट बराय. घाटात माणूस भितंय. भ्यालेलं माणूस हळू चालवतं. मला भ्या वाटतं ते घाट संपला की. सरळ रस्ता लागला का पोरांच्या पायात भूत शिरतं.”

तेव्हा मला ते गमतीत घेतल्यासारखं वाटलं. त्याकडे येतेच. आधी मामांचे नियम.

एक : ज्या गिअरात गाडी घाट चढेल, त्याच गिअरात उतरवायची. उतारावर सारखा ब्रेक दाबून धरला की ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरेनासे होतात. पाय दाबलेला असतो, गाडी मात्र ऐकत नाही. त्यामुळे गाडीला इंजिननंच धरून ठेवायचं, ब्रेक लागेल तेवढाच, थोडा थोडा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड टाका, ‘डी’वर सोडून देऊ नका. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी उतरवणाऱ्यांसाठी मामांकडे जो शब्द होता, तो इथे छापता येणार नाही.

दोन : चढणाऱ्याला आधी वाट. हा नुसता मोठेपणा नाही, कायद्यातही आहे. भरलेली गाडी चढावर थांबली तर पुन्हा उचलताना मागे घसरते. तुम्ही उतरताय ना? मग तुम्ही थांबा. बोलिव्हियाचा नियम आठवला? मामांनी बोलिव्हियाचं नावही ऐकलेलं नाही, पण नियम अगदी तोच.

तीन : वळणावर ओव्हरटेक नाही. पुढची गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली असली तरी नाही. “समोरून कोण येतंय हे ज्याला दिसत नाही, त्यानं समोरून एसटी येतीय असंच धरून चालायचं.”

चार : ढगात शिरलं की हेडलाइट खालचा. अप्पर मारला तर ढगावरून उलटून तो आपल्याच डोळ्यांत येतो. धुक्यात चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावून ठेवायची फॅशन आलीय, ती तर मामांना अजिबात मान्य नाही. मागच्याला कळणार कसं तुम्ही वळताय, थांबलाय की चाललाय?

पाच : रस्त्यावर ताजी माती, बारीक दगड किंवा डोंगरातून अचानक गढूळ पाण्याची धार दिसली, तर तिथे थांबायचं नाही. फोटोला तर मुळीच नाही. डोंगर आधी खडे टाकतो, मग धोंडे.

मामांच्या ड्रायव्हर सीटसमोर एक पाटी रंगवलेली असायची. घाटांतही तुम्ही ती वाचली असेल : ‘मनाचा ब्रेक, उत्तम ब्रेक’. लहानपणी मला वाटायचं हा एखाद्या कंपनीचा ब्रेक असेल!

घाटात अपघात होत नाहीत असं नाही. २ जानेवारी २०१४ रोजी ठाण्याहून नगरला निघालेली एसटी माळशेज घाटात दरीत गेली आणि २७ माणसं दगावली. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातली मंडळी सहलीला निघाली होती. पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावर आंबेनळी घाटात त्यांची बस कोसळली. ३० जण गेले, एकच वाचला. महाराष्ट्र या दोन्ही बातम्या विसरलेला नाही. घाटातला एक अपघात पंधरा दिवस टीव्हीवर राहतो. पण रोज एक-एक, दोन-दोन करून माणसं मरतात, ती कुठे?

सरळ रस्त्याचं गणित

याच मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात याचं उत्तर आहे. देशातले दोन-तृतीयांशाच्या आसपास अपघात सरळ रस्त्यांवर झाले. वळणं, खड्डे आणि तीव्र चढ-उतार यांचा सगळा मिळून वाटा १५ टक्क्यांच्याही आत. मृत्यूंपैकी दहातले सात अतिवेगाच्या खात्यावर. देशाच्या रस्त्यांच्या जाळ्यात राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग मिळून पाचेक टक्के भरतात, पण सुमारे ६० टक्के मृत्यू त्यांच्यावर. थोडक्यात, मामांच्या ‘भुता’ला सरकारी आकडेवारीचा सपोर्ट आहे!

समृद्धी महामार्ग घ्या. ७०१ किलोमीटर, गुळगुळीत, ना सिग्नल ना चौक. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी झोपेतच गेले. ना दरी होती, ना ढग, ना दरड. सरळ रस्ता माणसाला गुंगी आणतो. डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपलेला. घाटात दर वीस सेकंदाला वळण येतं, ते तुम्हाला जागं ठेवतं.

हे मी आकड्यांवरून शिकले असते तर बरं झालं असतं. पण मी ते आधीच शिकले होते, माझ्या शाळेतल्या मित्राकडून.

तो आणि मी पाचवी ते दहावी एका वर्गात. गणितात तो माझ्यापुढे, मराठीत मी त्याच्यापुढे, असा आमचा हिशेब. पुढे त्याला संगमनेरच्या बाजूला नोकरी लागली. रोज बाइकवरून जाऊन-येऊन. विठा घाट त्यानं पावसात, धुक्यात, रात्री-अपरात्री हजार वेळा चढला-उतरला असेल. घाटात त्याला कधी खरचटलंही नाही. गेला तो अकोल्याच्या पलीकडे, सपाट, सरळ रस्त्यावर, डिसेंबरच्या एका रात्री आठच्या सुमारास. उसाचा सीझन होता. पंक्चर झालेली उसाची ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी. कडेला म्हणजे अर्धी डांबरावरच. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर. त्याला ट्रॉली दिसली असेल तेव्हा फार तर सेकंदभर उरला असेल.

हेल्मेट त्याच्याकडे होतं. त्या दिवशी ते घरी होतं. आजही आहे. त्यांच्या पडवीत खुंटीला टांगलेलं, काळं, चांगलं महागातलं. मी गेले की काकू चहा टाकतात, आईची चौकशी करतात, माझ्या नोकरीचं विचारतात. निघताना न चुकता म्हणतात, “गाडी कोण चालवतंय? तूच ना? मग हळू जा, बाई.” मान वळवली की ते हेल्मेट दिसतं. त्याच्यावर एक ओरखडा नाही.

२०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेली ५० हजारांहून जास्त माणसं अपघातांत मेली. आकडा लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर ५० हजार खुंट्या येतात.

तीच गोष्ट सीट बेल्टची. त्याच वर्षी बेल्ट न लावलेले सोळा हजारांहून अधिक गेले, त्यातले जवळजवळ निम्मे ड्रायव्हर नव्हते, प्रवासी होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्याला धडकली. गाडी उत्तमातली उत्तम, रस्ता राष्ट्रीय महामार्ग, वेळ भर दुपारची. ते मागच्या सीटवर होते, बेल्टशिवाय. मागे बसलेल्यांना बेल्ट कशाला, असं आजही तुमच्या गाडीत कुणी म्हणत असेल तर ही एक गोष्ट सांगा, बास.

पाहुणे आले घरा

मेच्या शेवटी आमच्याकडे काजव्यांचा सीझन सुरू होतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात. मग पाऊस, धबधबे, आणि मग सोनकीची पिवळी फुलं. या चार महिन्यांत शनिवार-रविवारी आमचे रस्ते हिंजवडीसारखे दिसतात. सिंगल रोडवर दोन्हीकडून गाड्या, मध्ये एसटी अडकलेली, आत बाजाराचं ओझं घेतलेली म्हातारी माणसं. आणि बाहेर गाण्यांचा दणदणाट.

गैरसमज नको. आम्हाला तुम्ही हवे आहात! तुमच्यामुळे साम्रद-रतनवाडीच्या घरांत पाहुण्यांच्या जेवणाची ऑर्डर येते, तंबूवाल्या पोरांना काम मिळतं, राजूरचे पेढे पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत पोहोचतात. प्रॉब्लेम तुमच्या येण्याचा नाही, येण्याच्या पद्धतीचा आहे. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत ऑफिस, तीन तास झोप, पहाटे चारला स्टिअरिंग, दिवसभर ट्रेक आणि रविवारी रात्री ‘सोमवारी स्टँडअप मीटिंग आहे यार’ म्हणत परत दामटायची. हा माणूस दारू न पिताही अर्धा प्यायलेलाच असतो. आणि जो प्यायलेला असतो त्याच्याबद्दल काय बोलावं!

तुम्हाला काही झालं तर पुढे काय होतं, हे कोणत्याच व्हिडिओत नसतं. डोंगरातल्या वाड्यांत मोबाइलची रेंज जाते. कुणीतरी रेंज मिळेपर्यंत पळत जातो. दोर घेऊन खाली उतरतो तो जवळच्या वाडीतलाच एखादा पोरगा, पावसात, अनवाणी. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, पण डोक्याला मार असेल, मोठं ऑपरेशन असेल तर संगमनेर नाहीतर नाशिक. संगमनेर राजूरहून साधारण ४५ किलोमीटर. डॉक्टर ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात, तो पहिला तास आमच्या भागात बहुतेक वेळा रस्त्यातच संपतो. म्हणून आमच्याकडे ताशी साठनं झालेला अपघात आणि ताशी तीसनं झालेला अपघात यात फरक फक्त गाडीच्या बिलाचा नसतो.

एक चांगली गोष्टही सांगते. रस्ते सुधारता येतात, माणसं वाचवता येतात, हे आपल्याच राज्यात करून दाखवलंय. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ साली १५१ जण मेले. त्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन आणि रस्ते विकास महामंडळ यांनी तिथे ‘झीरो फॅटॅलिटी’चं काम हाती घेतलं. काम तसं साधंच होतं. उघड्या खांबांना आणि कठड्यांच्या टोकांना अडथळे बसवायचे, कडेला उभे राहणारे ट्रक हलवायचे, वेगावर आणि लेन कापण्यावर पकड ठेवायची, ॲम्ब्युलन्स लवकर पोहोचेल असं बघायचं. पुढच्या वर्षांत मृत्यू बरेच घटले. महाडला २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी बसेससह वाहून गेला. त्या जागी वर्षाच्या आत नवा पूल उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर जमतं. आमच्यासारख्या राज्यमार्गांवर तेच हवंय : रात्री चमकणारे रिफ्लेक्टर, वळणावर कठडे, आणि उसाच्या सीझनमध्ये प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल दिवा. रिफ्लेक्टरची पट्टी काही फार महाग नसते हो.

जाताय? मग एवढं कराच!

* निघायच्या आदल्या रात्री नीट झोपा. पहाटे चारऐवजी सहाला निघा. धबधबा पळून जात नाही.
* टायर आणि वायपर बघून घ्या. गुळगुळीत टायर ओल्या रस्त्यावर ब्रेकचं ऐकत नाही.
* बेल्ट सगळ्यांना, मागच्यांनाही. हेल्मेट दोघांनाही, आणि पट्टा लावून. आरशाला अडकवलेलं हेल्मेट आरशाचं डोकं वाचवतं.
* पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. फूटभर वाहतं पाणीसुद्धा छोटी कार उचलू शकतं. समोरचा गेला म्हणून आपण जायचं नाही.
* फोटो काढायला गाडी वळणावर थांबवू नका. रस्त्याच्या पूर्ण बाहेर जागा मिळाली तरच थांबा.
* शक्यतो अंधार पडायच्या आत घाट आणि जंगलातले रस्ते ओलांडा. गुरं, बिनदिव्याच्या ट्रॉल्या आणि झोप, तिन्ही रात्रीची भेटतात.
* अपघात दिसला तर थांबा. १०८ किंवा ११२ लावा. २०१६च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं आणि २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. पोलीस तुम्हाला नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, दवाखाना तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही.

या यादीतली एकही गोष्ट रॉकेट सायन्स नाही, हे मलाही माहितेय. तुमच्या कंपनीच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये याहून भारी स्लाइड्स असतील. पण ग्रुपवर पुढच्या वेळी तो ‘दहा डेंजर रस्त्यां’चा व्हिडिओ आला ना, की एक गंमत करा. बघून झाल्यावर स्वतःला विचारा, आपण शेवटचं ताशी शंभरच्या वर कुठे गेलो होतो? मागच्या सीटवर कोण होतं? बेल्ट होता का? उत्तर आलं की अकरावा रस्ता कोणता, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि आमच्याकडे जरूर या. हळू या. पावसात विठा घाट चढून वर आलात की काच खाली करा, ओल्या मातीचा वास आत येऊ द्या. राजूरला थांबून चहा घ्या, पेढे घ्या. ट्रॉलीवाला दिसला आणि त्याच्या मागे दिवा नसेल, तर गाडी बाजूला घेऊन त्याला सांगा, “दादा, मागं दिवा नाही तुमच्या.” तो ओशाळेल, कदाचित चिडेलही. पण दहातला एक जण तरी पुढच्या फेरीला दिवा लावेल.